बेहडा कुणासाठी राखायचा?

संगमेश्वर हे एकेकाळी बंदर होते. आज मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्याला हे सांगून पटायचे नाही. शास्त्री नदी समुद्राला मिळते ती दूर जयगडला. पण भरतीच्या पाण्यावर गलबते खाडीतून थेट वर येत, आणि घाटावरून बैलांच्या पाठीवर उतरलेला माल इथे गलबतांत चढे. रत्नागिरी जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८० साली निघाले, तोवर हा व्यापार ओसरला होता. खाडी गाळाने भरत गेली होती आणि मोठी गलबते खाली फुणगूसच्या पुढे येईनाशी झाली होती. संगमेश्वर म्हटले की आपल्याला १६८९ साली कसब्यात संभाजीराजांना झालेली कैद आठवते. ती आठवायलाच हवी. पण त्याच गावाचे बंदर बुजले आणि त्याबरोबर कित्येकांच्या पोटावर पाय आला, ही घटना कुणाच्या व्याख्यानात येत नाही. ते बंदर कुठल्या फौजेने बुडवले नाही. वरच्या डोंगरउतारांवरची माती खाली आली, एवढेच झाले.

ती माती खाली का आली, याची एक गोष्ट आहे, आणि या प्रकरणाचा सगळा प्रश्न तिच्यात आहे.

मराठी राज्यात कोकणातले लाकूड ही आरमाराची गरज होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी कोणते झाड कसे तोडावे याबद्दल स्पष्ट सूचना आहेत. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्यांतला एक भाग प्रसिद्ध आहे. इंग्रजी अंमल आल्यावर, १८२० च्या दशकात, डनलॉप नावाच्या कलेक्टरने वेगळा विचार केला. झाडांवरचा सरकारी हक्क सोडून दिला, तर जमीनधारक ती आपली समजून जपतील. स्वतःच्या फायद्यासाठी माणूस झाड राखीलच, असा त्याचा होरा होता. वाचायला आजही तो शहाणपणाचा वाटतो. प्रत्यक्षात झाले उलटे. मुंबई वाढत होती, तिला जळण हवे होते, आणि समुद्रमार्ग दारात होता. झाडे विकली गेली. उघड्या उतारांवर नाचणी-वरी चढली. दोन पिढ्यांत डोंगर बोडके झाले आणि खाडी उथळ झाली. आज जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडे आहे, बहुतेक रान खासगी सातबाऱ्यांवर आहे, त्याचे मूळही बरेचसे तिथेच सापडते.

पर्यावरणपूरक जगणे आपल्याच फायद्याचे असते, असे आपण शाळेपासून ऐकतो. वाक्य खरे आहे, पण अर्धे. डनलॉपसाहेबाने त्याच वाक्यावर विश्वास ठेवला आणि कोकण उघडे पडले. फायदा होता, पण तो उशिरा येणार होता आणि अनेकांत वाटला जाणार होता. लाकडाचे पैसे मात्र मालकाच्या हातात लगेच पडत होते, आणि तोटा सोसायचा होता तो खाली खाडीकाठी राहणाऱ्या तांडेलाने आणि व्यापाऱ्याने. अशा व्यवहारात माणूस काय करील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. म्हणून या प्रकरणात निसर्गावर उपकार करण्याच्या गोष्टी बाजूला ठेवू. संगमेश्वर तालुक्यातल्या माणसाला झाड, पाणी, माती राखून त्याच्या स्वतःच्या घरात काय मिळते आणि ते मिळायला कुठे अडते, एवढेच पाहू.

सुरुवात पाण्यापासून करू, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. या भागात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या कौलारू छपरावर वर्षाकाठी साडेतीन लाख लिटर पाणी पडते. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या मापाने पाच जणांच्या घराला वर्षभरात लागते सुमारे एक लाख लिटर. तरी एप्रिल-मे आला की डोंगराकडच्या वाड्यांना टँकर लागतो, आणि बाया हंडे घेऊन घाटी उतरतात. पाऊस कमी पडतो म्हणून हे होत नाही. पाणी जूनमध्ये येते आणि थांबत नाही.

ते थांबायचे कसे, हे इथल्या जमिनीच्या रचनेत आहे. वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचा कठीण पण सच्छिद्र थर. त्याच्या खाली पांढरट-गुलाबी चिकण माती, आणि तिच्याखाली काळा कातळ. सड्यावर आणि उतारावर झाडोरा असेल, खाली पातेऱ्याची गादी असेल, तर पावसाचा मारा मातीला लागत नाही. पाणी सावकाश मुरते, जांभ्यातून खाली उतरते आणि चिकण मातीवर अडते. मग ते आडवे सरकत डोंगराच्या पोटाशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. जुन्या वाड्या नेमक्या तिथे वसल्या आहेत, जुन्या विहिरीही तिथेच. झाडोरा गेला की थेंब थेट मातीवर आपटतो, माती दबते, वरची भोके बुजतात, आणि जे पाणी फेब्रुवारीत झऱ्यातून यायचे तेच जुलैत लाल होऊन पऱ्यातून धावते. संगमेश्वरच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरते तेव्हा दुकानदार ते लाल पाणी आणि त्यातला चिखल आठवडाभर उपसत बसतो. वरच्या वाडीतली कोरडी विहीर आणि खालच्या पेठेतला चिखल या दोन बातम्या वर्तमानपत्रात वेगवेगळ्या महिन्यांत छापून येतात, म्हणून त्यांचे नाते लक्षात येत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. झाड म्हटले की पाणी वाढले, असे सरसकट नाही. झाडेही पाणी पितात. सामाजिक वनीकरणात कोकणभर लावलेली ऑस्ट्रेलियन अकेशियाची रांगेतली झाडे आणि ऐन, किंजळ, जांभूळ, उंबर, बेहडा यांचे मिश्र रान यांत मोठा फरक आहे. अकेशियाचा पाला लवकर कुजत नाही, त्याखाली दुसरे काही सहसा उगवत नाही, आणि पाखरांच्या उपयोगाचे फळ त्याला नाही. ‘एक व्यक्ती, एक झाड’ अशा कार्यक्रमांचे फोटो दर पावसाळ्यात येतात. त्यांतली रोपे पुढच्या आगोटीपर्यंत टिकली का, हे कुणी विचारत नाही. लावण्यापेक्षा असलेले राखणे स्वस्त पडते, ही साधी गोष्ट कार्यक्रमात बसत नाही.

राखण्याची रीत तर गावाला माहीत होती. तिचे नाव देवरहाटी. ग्रामदेवतेच्या देवळाभोवतीचे रान तोडायचे नाही, पडलेले लाकूडही घरी न्यायचे नाही. काही लागलेच तर मानकरी जमणार, गुरव कौल लावणार, आणि देवाचा कौल मिळाला तरच देवळाच्या कामापुरते झाड निघणार. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा शिकलेल्या जगाला या गोष्टीची शास्त्रीय किंमत कळली. गावाला ती पाण्याच्या रूपाने कळलेली होती. संगमेश्वर तालुक्यात हिंडलात तर दिसेल, की अनेक जुन्या देवरहाट्यांत झरा, कुंड किंवा बारमाही पऱ्या आहे. देव आधी की झरा आधी, हा वाद घालण्यात अर्थ नाही. रान राखले की झरा राहतो आणि त्या पाण्यावर खालची शेते पिकतात, एवढे ज्यांनी नेम घातला त्यांना ठाऊक असणार. मला या व्यवस्थेचे कौतुक भक्तीपेक्षा तिच्या चोख व्यवहारासाठी वाटते. तोडणाऱ्याला लगेच मिळणारा फायदा तिने देवाच्या धाकाने बंद केला आणि सगळ्यांचा फायदा चालू ठेवला. डनलॉपच्या हिशोबातली चूक गावाने त्याच्या आधीच दुरुस्त करून ठेवली होती.

आता तो धाक पातळ झाला आहे. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, कौले जाऊन स्लॅब पडतो, फरशी आणि सभामंडपासाठी जागा हवी म्हणून चार जुनी झाडे जातात. मुंबईकर वर्गणी देतात, देऊळ चकाचक होते, आणि मे महिन्यात देवळाच्या टाकीत टँकरचे पाणी ओतावे लागते. हे टोचून लिहिण्याची हौस नाही, पण पाहवतही नाही.

देवाच्या रानाबाहेरच्या खासगी रानाचे काय? इथे बेहडा येतो.

बेहड्याची आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. नलोपाख्यानात कली नळाच्या अंगातून निघाला तो बेहड्यात शिरला, म्हणून झाड अपशकुनी. वैदिक काळात जुगाराचे फासे याच्याच फळांचे होत. लाकूड इमारतीला टिकत नाही. त्रिफळ्यात हिरडा आणि आवळ्याच्या जोडीला असतो एवढाच मान. पण संगमेश्वरच्या रानांत बेहडे प्रचंड वाढतात, आणि जुन्या बेहड्याच्या उंच ढोलीत धनेश घरटे करतो. महाधनेश आणि मलबारी कवड्या धनेश हे दोन्ही इथे आहेत. मादी ढोलीत शिरून दार लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते, आणि अडीच-तीन महिने नर तिला आणि पिलांना त्या फटीतून वड, उंबर आणि रानातली इतर फळे भरवत राहतो. खाल्लेल्या फळांच्या बिया तो मैलोन्‌मैल टाकत जातो. एवढी ढोली व्हायला झाड म्हातारे असावे लागते, आणि म्हातारे, जाडजूड झाडच ठेकेदाराच्या डोळ्यांत आधी भरते. लाकूडतोडीचा व्यवहार बहुधा अख्ख्या तुकड्याचा होतो: उभे रान एकरकमी विकायचे, ठेकेदार ते साफ करणार, लाकूड भट्ट्या आणि बॉयलरकडे जाणार. त्या रकमेत एकेका बेहड्याच्या वाट्याला येणारी किंमत ऐकून माणूस गप्प होतो.

पुण्याची अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था डॉ. अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकापासून या तालुक्यात काम करते आहे. देवरायांपासून सुरू झालेले हे काम खासगी रानांपर्यंत आले, तेव्हा प्रश्न डनलॉपचाच समोर उभा होता: मालकाने झाड का ठेवावे? उत्तर फळात सापडले. बेहडा आणि हिरडा यांच्या फळांना औषधी बाजारात मागणी आहे, पण गावात ती मातीमोल जात. युरोपात ‘फेअरवाइल्ड’ नावाचे एक प्रमाणपत्र आहे. रानातून गोळा केलेल्या वनस्पतींसाठी त्याचे नियम असतात: झाडाला इजा करायची नाही, सगळे ओरबाडून न्यायचे नाही, गोळा करणाऱ्याला रास्त दर द्यायचा, आणि कुठल्या रानातून किती माल आला याची नोंद ठेवायची. संस्थेने २०१० च्या दशकात इथल्या फळांना हे प्रमाणपत्र मिळवून दिले आणि ब्रिटनमधल्या पुक्का हर्ब्स या हर्बल चहाच्या कंपनीसारखे ग्राहक जोडले. थंडी सरता सरता झाडाखाली पडलेली फळे वेचायची, वाळवायची, निवडायची. घरातल्या बाईलाही ते जमते आणि पैसे तिच्या हातात येतात. ज्या झाडाची किंमत एकदाच मिळायची, ते दरवर्षी काहीतरी देऊ लागते. धनेशाची ढोली शाबूत राहते ती या व्यवहारात वरकड म्हणून.

याने सगळे रान वाचले असे मी म्हणणार नाही. तालुका मोठा आहे, ग्राहक परदेशी आहे, आणि त्याने हात आखडला तर हिशोब पुन्हा बिघडेल. पण रान राखल्याचा फायदा राखणाऱ्याच्याच हातात पडावा, ही मेख इथे बरोबर बसली आहे. देवरुखची सह्याद्री संकल्प सोसायटी धनेशाला लागणाऱ्या देशी झाडांची रोपे करते, लोकांना घरट्यांची राखण करायला सांगते. बाहेरचे अभ्यासक आणि गावातली पोरे यांची अशी जोड जमली की कामाला गती येते.

फायदा उशिरा येतो हे खरे, पण काही बाबतींत तो त्याच वर्षी दिसतो, तरी आपण तो घेत नाही. वणव्याचे पाहा. फेब्रुवारीनंतर सड्यावरचे वाळलेले गवत कुणीतरी पेटवते. जाळले की नवे गवत जोमाने येते असा समज, कधी शिकारीसाठी, कधी नुसती विडी. वारा सुटला की ती आग शेजारच्या काजूच्या कलमांत शिरते आणि मोहोरावर आलेली बाग तासाभरात काळी पडते. बागेभोवती दहा-पंधरा फुटांचा पट्टा साफ करून जाळरेषा काढायला वाडीतल्या दहा माणसांचे एक-दोन दिवस पुरतात. भाताच्या राबासाठी कवळ, म्हणजे झाडांच्या पालेदार फांद्या, तोडून भाजावळ करणेही आता कमी झाले आहे, पण जिथे चालते तिथे उतारावरचे ऐन-किंजळ वर्षानुवर्षे खुंट होऊन उभे असतात.

नदीचेही तेच. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरणे हा कोकणातला हक्काचा सण. पण उन्हाळ्यात डोहात ब्लीचिंग पावडर नाहीतर सुरुंग टाकून मासे मारणारे काही महाभाग असतात. एका दिवशी टोपलीभर मासे मिळतात, आणि पिल्ले, अंडी, खेकडे सगळे मरून पुढच्या दोन वर्षांचा डोह रिकामा होतो. वरून तेच पाणी खालच्या वाडीच्या नळाला जाते. याला अज्ञान म्हणणे सौम्य होईल.

घरातल्या चुलीकडे मात्र आपण वळून पाहत नाही, कारण तिथे पुरुष बसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे वेळेआधी मेली. ओल्या लाकडाचा धूर म्हणजे दमा, फुप्फुसांचा जुना आजार, डोळ्यांत मोतीबिंदू. उज्ज्वलाचा सिलिंडर घरात आला, पण तो पुन्हा भरायचा तर पैसे लागतात, म्हणून कितीतरी घरांत तो पाहुण्यांसाठी राखून ठेवतात आणि रोजचे चुलीवरच. शेजारच्या सिंधुदुर्गात कुडाळजवळ झारापला डॉ. प्रसाद देवधर यांच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने हजारो बायोगॅस संयंत्रे घरोघरी उभी केली. हिशोब सोपा आहे. एक घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण २५ किलो शेण लागते, आणि त्यातून महिन्याला जवळपास एका सिलिंडरइतके इंधन मिळू शकते. वर मिळणारी स्लरी भाताला आणि परसातल्या भाजीला. कोकण कपिला ही आपली गाय अंगाने लहान, तिचे शेणही बेताचे, त्यामुळे चार गुरे तरी हवीत, ही अडचण खरी. गोठे रिकामे होत चालले आहेत हीसुद्धा खरी. पण ज्यांच्या दावणीला अजून गुरे आहेत, त्यांच्या घरी लाकडाची मोळी आणायला जाणारी बाई दिवसाचे दोन-तीन तास वाचवते, आणि तिचा खोकला थांबतो. कवळ-लाकडासाठी रान तोडावे लागत नाही, ते वेगळेच.

पाणी अडवण्याचा खर्चही डोंगराएवढा नाही. मोहन धारिया यांच्या वनराई संस्थेमुळे नाव पडलेला वनराई बंधारा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती-वाळू भरून पऱ्यावर घातलेली आडवी भिंत. नोव्हेंबरात धार बारीक झाली की ती घालायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दगड-मातीत प्लास्टिक अस्तर घालून ‘कोकण विजय बंधारा’ आणि उतारावरच्या कलमांसाठी ‘जलकुंड’ बसवून दिले आहे. छपराच्या पन्हळीचे पाणी साठवायचे तर वर्षभराचे नको. पाच जणांना पिण्या-रांधण्यासाठी माणशी दहा लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मेअखेरच्या चार महिन्यांना सहा हजार लिटर पुरतात. तेवढी टाकी परसात मावते.

एवढे सगळे असूनही ‘इको-सेन्सिटिव्ह’ हा शब्द तालुक्यात उच्चारला की लोक दचकतात. पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात इथली अनेक गावे आली, आणि आता घर बांधायलाही दिल्लीची परवानगी लागणार, अशी हूल उठली. ती मुद्दाम उठवणारेही होते. चिरेखाणी आणि लाकडाचे हिशोब ज्यांचे अडणार होते ते. पण लोकांच्या भीतीत एक खरी गोष्ट होती. बंदी येते तेव्हा कागद येतो, अधिकारी येतो, फायदा येत नाही. गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालाने निर्णयात ग्रामसभेला मोठा वाटा द्यायला सांगितले होते. तेवढाच भाग चर्चेत सगळ्यांत आधी गळाला.

शेवटी मुंबईला, ठाण्याला, पुण्याला असलेल्या वाचकांना एक विनंती. संगमेश्वरातली पुष्कळ जमीन सामाईक सातबाऱ्यांवर आहे, आणि त्यांतली निम्मी नावे तुमची आहेत. ठेकेदार गावात येतो तेव्हा तुम्हाला फोन येतो, ‘रान विकतोय, सही पाठव.’ वाट्याला येणारी रक्कम बहुधा गणपतीच्या एका फेरीच्या खर्चाएवढी असते. सही पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा. त्या रानाच्या खाली कुणाची विहीर आहे? आंबा, फणस, हिरडा, ऐन, किंजळ यांच्या तोडीला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी घेतली आहे का? आणि रानात बेहडे किती आहेत, त्यांची फळे कोण वेचते? उत्तरे मिळेपर्यंत सही थांबवा. कागद थांबला की ठेकेदारही थांबतो.